मॉलला फिरायला जातो ओ, घ्यायला न्हाई

गेल्या अंकात सहज विचारलं होतं की महिन्याभरात तुम्ही शेवटची वस्तू कुठून घेतली, मॉलमधून, गल्लीतल्या दुकानातून की मोबाईलवरून. म्हटलं दोन-चार पत्रं येतील. पिशवीभर आली, व्हॉट्सॲपवर आलेली वेगळीच. सगळी छापायची तर अख्खा अंक याच सदराला द्यावा लागेल, म्हणून थोडी निवडलीत आणि छाटलीत पण, राग नको. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की माझ्या वडलांचं कोल्हापुरात पापाच्या तिकटीला छोटं कापडाचं दुकान होतं आणि मी स्वतः पुण्यात एका मॉलमध्ये कपड्यांच्या सेक्शनला नऊ वर्षं काढली, म्हणजे गादीवर बसून पण कापड विकलंय आणि गळ्यात आयकार्ड अडकवून पण. त्यामुळं दोन्हीकडच्या लबाड्या माहिती आहेत.

प्रश्न : दादा, आधी आम्ही दर रविवारी मॉलला जायचो, मी, मिस्टर, दोन पोरं. पिशव्या भरून आणायचो. आता पण जातो की, पण पिक्चर बघतो, पोरं गेम खेळत्यात, खातो आणि मोकळ्या हातानं घरी. परवा हिशेब केला तर वर्षात मॉलमधून फक्त एक छत्री घेतली, ती पण बाहेर पडताना पाऊस आलता म्हणून. हे आमचंच असं झालंय का सगळ्यांचं? आणि मग हे मॉल चालतात कशावर? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : छत्रीवर लई हसलो ताई, कारण आमच्या घरात मॉलमधून आलेली शेवटची वस्तू म्हणजे पोरीचा केसाचा क्लिप. सगळ्यांचं असंच झालंय.

जरा मागं जाऊन बघा. मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स नावाचा मॉल १९९९ला उघडला, त्याच साली दिल्लीत अन्सल प्लाझा. क्रॉसरोड्सला सुरुवातीला एवढी झुंबड उडाली की आत जायला क्रेडिट कार्ड नाहीतर मोबाईल दाखवा, दोन्ही नसेल तर पैसे भरा असा नियम काढला होता त्यांनी, आणि लोक कशाला जात होते तर सरकता जिना बघायला. म्हणजे मॉल हे आपल्याकडं पहिल्या दिवसापासून बघायचंच ठिकाण, घ्यायची सवय नंतर चिकटली आणि ती चिकटवण्यात मोठा हात बिग बझारचा. २००१ला सुरू झालं, २६ जानेवारीच्या सेलला लोक ट्रॉलीसाठी भांडायचे, आणि २०२२ मध्ये ती दुकानं रिलायन्सकडं गेली आणि नाव संपलं. ते नुसतं ऑनलाईनमुळं झालं असं कोण सांगत असेल तर अर्धंच सांगतोय, डोक्यावर कर्ज होतं, लॉकडाऊन होता आणि कोर्टकचेरी होती.

आता चालतात कशावर. मॉलमध्ये एक-दोन मोठी दुकानं असतात, तीन-तीन मजल्यांची डिपार्टमेंट स्टोअर, त्यांना मॉलवाला भाड्यात भरपूर सवलत देतो कारण त्यांच्या नावावर गर्दी येते आणि त्या गर्दीवर बाकीची छोटी दुकानं जगतात. ते मोठं दुकान उठलं की बारकी पण वर्षा-दोन वर्षात उठतात. अमेरिकेत हेच झालं. सिअर्ससारखी शंभर वर्षांपेक्षा जुनी कंपनी २०१८ला दिवाळखोरीत गेली, जेसी पेनी २०२०ला, इंग्लंडात डेबेनहॅम्सची सगळी दुकानं २०२१ला बंद झाली आणि ती कंपनी १७७८ची होती म्हणजे आपल्याकडं पेशवाई चालू होती तेव्हाची. गंमत म्हणजे अमेरिकेत आजपण शंभर डॉलरच्या किरकोळ खरेदीतले सोळाच्या आसपासच ऑनलाईन जातात. बाकीचे दुकानातच खर्च होतात, पण ती दुकानं मॉलमधली असतीलच असं नाही.

आणि आपल्याकडं? नाईट फ्रँक या जागांचा अभ्यास करणाऱ्या कंपनीच्या २०२४च्या अहवालात देशातल्या आठ मोठ्या शहरात मिळून ६४ मॉल भुताटकीचे धरलेत, म्हणजे निम्मे-अर्धे गाळे रिकामे, दिवे चालू आणि वॉचमन एकटा. पण त्याच शहरातले मोठे चकाचक मॉल भरलेले आहेत. मेले ते मधले, ज्यांनी गाळे एकेकाला विकून टाकले आणि मग कुणाचा कुणाला मेळ नाही.

आता कोल्हापूरचं बघा. अमेरिकेत लोक गावाबाहेर बंगले बांधून राहायला गेले, बाजार लांब पडला, म्हणून १९५६ला मिनेसोटात साऊथडेल नावाचा पहिला बंदिस्त मॉल बांधला. आपल्याला महाद्वार रोडचा बाजार कधी लांब पडला ओ? राजारामपुरीतून गाडी काढली की दहा मिनिटात, गाडी लावायला अर्धा तास ते सोडा. त्यामुळं आपण मॉलला गेलो ते एसीसाठी, लिफ्टसाठी, आणि एक गोष्ट बायका बोलतात पण कुठं छापून येत नाही म्हणून मी लिहितो, स्वच्छ बाथरूमसाठी. जुन्या बाजारात चार तास खरेदी करणाऱ्या बाईनं कुठं जायचं याचा विचार आजपण कुणी केलेला नाही. तेवढ्या एका गोष्टीत मॉल जिंकलाय आणि त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही.

प्रश्न : माझं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, वडलांपासूनचं. गिऱ्हाईक येतंय, दहा साड्या उलगडायला लावतंय, हळूच फोटो काढतंय, घरात विचारून सांगतो म्हणतंय आणि जातंय. मागनं कळतंय की तसलीच ऑनलाईन मागवली. पोरगं म्हणतंय फोटो काढू नये अशी पाटी लावा. लावू का? (दुकानदार, महाद्वार रोड परिसर)

उत्तर : पाटी लावू नका मालक. पाटीनं फोटो थांबत नाही, फक्त गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतंय.

आणि हे दुखणं तुमचंच असं समजू नका, आम्ही मॉलमध्ये पण हेच भोगलंय. पोरं ट्रायल रूममध्ये तीन साईज घालून बघायची, बाहेर येऊन आमच्यासमोरच खांबाला टेकून मोबाईलवर ऑर्डर करायची आणि वर "थँक्यू दादा". आम्ही घड्या घालत बसायचो. तिथं वरनं ऑर्डर असायची की गिऱ्हाइकाला काही बोलायचं नाही, हसायचं. वडलांच्या दुकानात निदान पुटपुटायची तरी सोय होती.

तर आता जरा रोखठोक. ज्या साडीचा फोटो काढून तसलीच मिळते, ती साडी बहुतेक सुरतेची सिंथेटिक आहे, तुमच्याकडं पण तिथूनच आलीय आणि त्या ॲपवरच्या विक्रेत्याकडं पण. त्या मालात भावाची कुस्ती तुम्ही हरणार. त्याला दुकानाचं भाडं नाही, लाईट बिल नाही, चहा नाही. फ्लिपकार्टनं २०१०ला माल दारात आल्यावर पैसे द्यायची सोय काढली आणि कार्ड नसलेला माणूस पण गिऱ्हाईक झाला, २०१५ला मीशो आलं आणि गल्लीतल्या वहिनीच व्हॉट्सॲपवर साड्या विकाय लागल्या, मग २०१६ला यूपीआय आलं. या तिन्ही गोष्टी मोठ्या शहरापेक्षा आपल्यासारख्या गावाला जास्त लागू पडल्या. तेव्हा दोनशे-तीनशेच्या रोजच्या साडीचा नाद थोडा कमी करा, ठेवा पण तिच्यावर पोट ठेवू नका.

ॲपला काय जमत नाही ते बघा. बस्ता जमत नाही! लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मिळून वीस-पंचवीस माणसं येतात, आत्याला मान, मावशीला मान, आहेराच्या साड्या एका रंगाच्या दिसल्या पाहिजेत पण नवऱ्याच्या बहिणीची जरा वरचढ पाहिजे, कोण रुसलं तर दुकानदारानंच समजूत काढायची, आणि मध्येच कुणाला तरी आठवतं की टॉवेल-टोप्या राहिल्या. हे सगळं स्क्रीनवर कसं करणार सांगा. माझे वडील बस्त्याच्या दिवशी दुकानात आलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी खुर्ची द्यायचे आणि पहिली साडी तिच्या हातात द्यायचे, पसंती तिनं सांगितली की बाकीचे गप्प. ते काय कुठल्या कोर्समध्ये शिकले नव्हते.

मग फॉल-पिको. ऑनलाईन साडी घेतलेल्या बाईला पुढं फॉल कोण लावणार, ब्लाऊजपीसला अस्तर मॅचिंग कुठं मिळणार, शिवायला कोण घेणार, हा सगळा कुटाणा तिचा तिलाच करायला लागतोय. तुमच्याकडं घेतली तर संध्याकाळी फॉल-पिको करून तयार, ब्लाऊजचा टेलर शेजारी, असं असेल तर शंभर-दीडशे रुपयं जास्त देताना कोण कुरकुरत नाही. फक्त ते बोलून दाखवा, नाहीतर गिऱ्हाइकाला कसं कळणार.

दोन गोष्टी मात्र तुमच्या चुकतात असं मला वाटतं (तुमचं दुकान बघितलेलं नाही, पण बहुतेकांचं असंच असतंय). एक, भाव लिहिलेला नसतो. नवीन पोरींना घासाघीस करायला लाज वाटते, खरंच. त्यांना किंमत दिसली पाहिजे. पॅरिसमध्ये बाँ मार्शे म्हणून दुकान आहे, १८५२ पासून तिथं बूसिको नावाच्या माणसानं वस्तूवर ठरलेली किंमत लावली, आत येऊन नुसतं बघायला मुभा दिली आणि नाही आवडलं तर परत घ्यायचं चालू केलं. आज ॲपवाले जे करतात ते सगळं हेच, पावणेदोनशे वर्षं जुनं. मॉलनं तेच उचललं, ॲपनं मॉलचं उचललं, आणि आपण अजून "तुमच्यासाठी म्हणून सांगतो" वर अडकलोय.

दुसरी चूक म्हणजे ती पाटी, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". ती आजच काढा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, की मालात दोष असेल आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसात गिऱ्हाइकानं परत आणला तर नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. रंग आवडला नाही म्हणून परत घ्या असं कायदा सांगत नाही, ते तुमच्या मर्जीवर. पण बदलून द्याल का? द्याच. गिऱ्हाईक ॲपवर कशाला जातंय याचं निम्मं उत्तर तिथंच आहे, की तिथं परत देताना कुणाचं तोंड बघायला लागत नाही.

आणि फोटो काढताना दिसलं तर म्हणायचं, थांबा ताई, नीट उजेडात धरतो, आणि माझा नंबर पण घ्या, घरात विचारायचं तर व्हिडिओ कॉल लावून दाखवतो. मग ती बाई कुठं जाती ते बघू.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पुण्याला मुलाकडे महिनाभर राहून आले. तिथे कोथिंबीर, दही, पेन्सिलचा सेल, काहीही दहा-पंधरा मिनिटात दारात येते. सूनबाईने महिन्याची यादी करणेच सोडले आहे. इकडे आल्यावर आमच्या किराणा दुकानदाराकडे गेले तर म्हणाला, "बाई, आता तुम्ही पण तसंच करणार का?" मला काय उत्तर द्यावे सुचले नाही. (मंगळवार पेठ)

उत्तर : बाई, तुमचं पत्र इतकं सुवाच्य अक्षरात आहे की मला आपोआप ताठ बसायला झालं.

ते दहा मिनिटाचं गणित असं आहे. शहरात जागोजागी छोटी गोदामं असतात, त्यांना डार्क स्टोअर म्हणतात, तिथं गिऱ्हाइकाला प्रवेश नाही, नुसती कपाटं आणि पळणारी पोरं. ऑर्डर आली की दोन-तीन मिनिटात पिशवी भरतात आणि दुचाकीवाला दोन-तीन किलोमीटरच्या आत पोचवतो. ब्लिंकिट आधी ग्रोफर्स नावानं २०१३ पासून होतंच, झेप्टो २०२१ला आलं, आणि लॉकडाऊनमध्ये लागलेली सवय सुटलीच नाही. सूनबाईंचं पण चुकत नाही. दोघं नोकरीला, घरी यायला आठ वाजतात, यादी कोण करणार. फक्त त्यांना एकदा बिल नीट बघायला सांगा, वस्तूच्या किमतीखाली हँडलिंग चार्ज, डिलिव्हरी चार्ज, पाऊस पडतोय म्हणून आणि काहीतरी, असं बारीक अक्षरात चढत जातंय, आणि वीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी ऑर्डर मोठी करायची म्हणून दोन चिप्सची पाकिटं आपोआप येतात.

आता तुमच्या दुकानदाराचं. त्याचं गिऱ्हाईक आधी पळवलं ते ॲपनं नाही, डी-मार्टनं. त्यांचं पहिलं दुकान २००२ला पवईत. ते मॉलच्या भानगडीत फारसे पडत नाहीत, जागा शक्यतो स्वतःची घेतात, सप्लायरला पैसे लवकर देऊन माल स्वस्तात उचलतात, सजावट काही नाही. आणि एक तारखेनंतरच्या रविवारी तिथली रांग बघितली तर लोकांनी दुकानात जाणं सोडलंय असं कोण म्हणेल? लोकांनी सोडलं ते महागाचं दुकान. आमच्याच घरात तेल-साखर-साबण तिकडनं, भाजी कपिलतीर्थ मार्केटमधनं, पोरांचे कपडे मोबाईलवरनं, आणि संपलेली जिरी-मोहरी मात्र गल्लीतनं. म्हणजे गल्लीतल्याच्या वाट्याला राहिली ती दहा रुपयांची पुडी आणि उधारी. त्याचं रडणं खोटं नाही.

पण मला २०१९चा ऑगस्ट आठवतोय. पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, दूध नाही, भाजी नाही. मी तेव्हा सुट्टीला आलतो आणि अडकलो. ॲपवर सगळं दिसत होतं, ऑर्डर पण घेत होतं, फक्त "डिलिव्हरीला उशीर होऊ शकतो" असं लिहून यायचं, उशीर म्हणजे गाड्या पाण्यापलीकडं उभ्या. आमच्या गल्लीतल्या दुकानदारानं शटर अर्धं उघडं ठेवून घरटी मोजून माल दिला, मेणबत्त्या दोन, काडेपेटी एक, दूध पावडरचं पाकीट ज्यांच्याकडं लहान पोर आहे त्यांनाच. कुणाच्या घरात लहान पोर आहे हे त्याला विचारायला लागलं नाही. पैसे वहीत. २०२१ला पाणी आलं तेव्हा पण तसंच.

तरी पण गल्लीतला म्हणून तो देव आहे असं मी म्हणणार नाही. तारीख संपत आलेली बिस्किटं पोराच्या हातात देणारा, बिल मागितलं की कपाळावर आठी घालणारा, छापील किमतीपेक्षा दोन रुपये "थंड करायचे" म्हणून जास्त घेणारा पण तोच असतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे, थंड असो की गरम. त्याला सांगा, बाई, तुम्ही शिक्षिका आहात, तुमचं ऐकेल.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर खरं ते सांगून टाका. "मी तुझ्याकडं येईन, पण सूनबाई येणार नाही, तिच्यासाठी तू फोनवर यादी घेऊन माल वरच्या मजल्यावर पोचवायला लाग."

प्रश्न : विषय हार्ड झालाय भावा. कोल्हापुरात बसून कोल्हापुरी चप्पल ऑनलाईन मागवली, निम्म्या किमतीत दिसली म्हणून. आली ती रेक्झिनची, खाली रबरी सोल, आठ दिवसात अंगठा तुटला. मित्र कट्ट्यावर बसू देईनात. परत करायची मुदत गेली म्हणत्यात. काय करू? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

उत्तर : मित्र बरोबर करतात. शिवाजी चौकापासून चालत चप्पल लाईनला पोचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तू रिव्ह्यू वाचत बसला असशील.

चेष्टा राहू दे. वस्तू जाहिरातीत दाखवली तशी नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही, हे २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. ॲपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क शोध, तो देणं त्यांना बंधनकारक आहे, खाली कुठंतरी बारीक अक्षरात असतंय. त्यांनी ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेव, नंतर ते पान गायब होतं, हा स्वानुभव आहे, माझी "शुद्ध कॉटन" चादर अशीच हवेत विरघळली. तरी नाही ऐकलं तर १९१५ नंबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन कर. तिथं बहुतेक मिटतंय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, पण चारशेच्या चपलेसाठी तारखा घालायच्या का ते तुझं तू ठरव.

पुढच्या वेळी ओळखायचं कसं ते सांगतो. खरी चप्पल झाडपाल्यानं कमावलेल्या कातड्याची, बाभळीची साल आणि हिरडा वापरून. सोल पण कातड्याचाच, शिवण कातड्याच्या वादीची, खिळा नाही. नवीन असताना टणक असती, चार-सहा दिवस पायाला चावती, मग तेल पाजून पाजून पायाची होती. पहिल्याच दिवशी मऊ लागली तर शंका घे. २०१९ला या चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांना मिळून आहे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पल पण खरीच, दुकानदारानं तसं सांगितलं तर फसवतोय असं समजू नको. कोल्हापूरच्या दुकानात टांगलेली सगळी खरीच असंही समजू नको, रबरी सोलवाली इथं पण उघड विकतात, फक्त इथं तू वाकवून, वास घेऊन, कर्रकर्र आवाज ऐकून बघू शकतोस. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल चालवली आणि कोल्हापूरचं नाव नाही घेतलं म्हणून केवढा गोंधळ झाला, आपणच आठवडाभर स्टेटस ठेवत होतो. आणि मग स्वतः रेक्झिनची मागवायची? नाद खुळा.

प्रश्न : आमच्या वेळी शेतकरी संघ आणि जनता बझार होते. एका छताखाली सगळे मिळायचे आणि भेसळीची भीती नव्हती. आताच्या मुलांना वाटते मॉल ही नवीन गोष्ट. यावर लिहावे. (एक ज्येष्ठ वाचक, शाहूपुरी)

उत्तर : काका, तुम्ही शाहूपुरीतून लिहिताय आणि ती पेठच मुळात शाहू महाराजांनी १८९५ला व्यापारासाठी, गुळाच्या बाजारासाठी वसवलेली, तेव्हा तुमच्याकडनं हा प्रश्न यायलाच पाहिजे होता.

कोल्हापूरचं खरं डिपार्टमेंट स्टोअर सहकारी होतं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. शेतकरी सहकारी संघ १९३९चा, खतापासून कापडापर्यंत सगळं, आणि भवानी मंडपातली ती इमारत. जनता बझारची तर राजारामपुरीत चौकाला नावच पडलंय, आजची पोरं "जनता बझार चौकात थांबलोय" म्हणतात आणि तो बझार म्हणजे काय हे त्यांना माहिती नसतं. तिकडं वारणानगरला तात्यासाहेब कोरेंच्या वारणा समूहानं सत्तरच्या दशकात वारणा बझार काढला, खेड्यातल्या बाईला फ्रॉकपासून प्रेशर कुकरपर्यंत सगळं एका ठिकाणी, ते पण सभासद म्हणून, नुसतं गिऱ्हाईक म्हणून नाही. मुंबईत त्याच सुमाराला, १९७५ पासून, ग्राहक पंचायतीनं वेगळीच युक्ती काढली, शेजारच्या घरांनी गट करून एकत्र यादी द्यायची, माल ठोक भावात एका घरी येतो आणि तिथंच वाटून घ्यायचा. आज ॲपवाले ग्रुप बाय म्हणून नाचतात ते हेच.

मग ते मागं का पडलं? मला वाटतं दोन कारणं, आणि दुसरं तुम्हाला आवडणार नाही. रेशन आणि टंचाईचा काळ संपला, साखर-तेल-कापड कुठंही मिळायला लागलं, तेव्हा "मिळतंय" एवढ्यावर गिऱ्हाईक येईना. आणि काउंटरमागचा माणूस. आमच्या आईला एकदा एका सहकारी भांडारात (कुठलं ते सांगत नाही) पातेल्याचं झाकण दुसरं दाखवा म्हटल्यावर "आहे ते घ्या" असं उत्तर मिळालं. ती परत गेली नाही. भेसळ नव्हती हे खरं, हसू पण नव्हतं.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचं सोनं गुजरीतून (आपल्या सराफ बाजारातून) घ्यायचं की ऑनलाईन? भाची म्हणते ऑनलाईन मजुरी कमी. (कसबा बावडा)

उत्तर : मजुरीची टक्केवारी दोन्हीकडं कागदावर लिहून घ्या आणि मग तुलना करा, तोंडी सांगितलेली धरू नका. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असायलाच पाहिजे, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून दुकानातच, पैसे द्यायच्या आधी तपासायचा. साधं नाणं किंवा वळं असेल तर कुठूनही घ्या. कोल्हापुरी साज मात्र गुजरीतच, त्यातली पानं आणि मणी मुलीच्या गळ्यावर धरून बघितल्याशिवाय कळत नाहीत, आणि एखादं पान निखळलं तर चालत जाऊन बसवून आणता येतं.

प्रश्न : सर, मी २३ वर्षांचा, एका मॉलमधल्या ब्रँडच्या शोरूमला सेल्समन आहे. लोक येतात, बघतात, जातात. टार्गेट होत नाही. आता मॅनेजर सांगतोय की साईज नसेल तर गिऱ्हाइकाला कंपनीच्या ॲपवर ऑर्डर करून द्या. माझा मावसभाऊ डिलिव्हरीला आहे, तो म्हणतो ये, जास्त मिळतात. सोडू का? (उचगाव)

उत्तर : भावा, तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण ते वाचून मला माझंच तोंड दिसलं, रविवारी रात्री साडेनऊला, पाय सुजलेले आणि रजिस्टरात विक्री तीन शर्ट.

लगेच सोडू नको. मॅनेजर जे सांगतोय तिकडंच सगळा धंदा चाललाय, शोरूम म्हणजे थोडं गोदाम, थोडं ट्रायल रूम, ऑर्डर तिथंच बसून ॲपवर, आणि परत आलेला माल पण तिथंच. त्यात तुझं काम संपत नाही, बदलतंय. पण एक गोष्ट पक्की करून घे, तू करून दिलेली ॲपवरची ऑर्डर तुझ्या टार्गेटात धरणार का. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर तरी लिहून घे. धरणार नसतील तर तू फुकट दुसऱ्याचं दुकान चालवतोयस. आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर, परतीच्या मालाची नोंद, हे शिकून घे, कोण शिकवत नसेल तर दुपारी दोन ते चार मॉल मोकळा असतोय तेव्हा कॅशवाल्याच्या शेजारी उभा राहा, मी तसंच शिकलो.

डिलिव्हरीत मिळतात हे खोटं नाही. पण मावसभाऊ सांगतोय तो आकडा हातात आलेला आहे, खिशात राहिलेला नाही. पेट्रोल, ऑइल, टायर, गाडीचा हप्ता, मोबाईलचा डेटा, पावसाळ्यात भिजून ताप आला तर बुडालेले दिवस, हे सगळं त्याच्या अंगावर. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांना गिग कामगार म्हणून नाव तरी मिळालंय, पण पीएफ कापला जाणारी नोकरी आणि ते यात अजून फरक आहे. तुझ्या पगाराच्या स्लिपवर पीएफ आहे का ते बघ आधी.

एक काम कर. मावसभावाला एक आठवडा वही दे, रोज किती आले आणि गाडीवर किती गेले ते लिहायला सांग, किलोमीटरसकट. ते घेऊन बस, शेजारी तुझी स्लिप ठेव आणि मला पुढच्या अंकाआधी कळव. नंबर खाली दिलाय तोच, रात्री दहानंतर फोन केलास तरी चालेल, मॉलवाल्यांना तेव्हाच सवड मिळते.